कुणावाचून अडू नये

निलमनं फोन स्पीकरवर टाकला आणि मधल्या टेबलावर, चहाच्या कपांशेजारी ठेवला.

"परत एकदा सांगा मामा," ती म्हणाली. "आमचे सर ऐकून राहिले."

"परत काय सांगू? मला दोन पोरी बोलल्या," पलीकडून कोंडीबा म्हणाले. "एक म्हणली, उद्या. मधीच दुसरीच कोणतरी म्हणली, पहाटे. मंग पुन्ना पहिली म्हणली, तुमच्या चारीला पाणी येईल. आता एका वाक्यात दोन पोरी कशा मावतेत ते तुमीच सांगा."

रत्नपालनं संगणकावरची नजर काढली आणि खुर्ची फोनकडे ओढली.

"जय भीम मामा, रत्नपाल बोलतो. पाणी उद्या येणार हे खरं हाय. तुमी निवांत ऱ्हा."

"जय भीम. मी राहीन निवांत, पण गाव कसं राहील? मागं कोण्या टवाळानं खोटा फोन करून सगळ्या गावाला थंडीत कॅनॉलवर उभं केलं व्हतं. आता दोन आवाज आले की माणसं म्हणतेत, ह्यो बी तसलाच. कोणीच उठायचं न्हाई उद्या. पाणी येईल आन् आमच्या दारावरून पुढं नदीला जाईल."

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, त्यात कोंडीबांच्या गावाची काही चूक नव्हती. ते गाव कालव्याच्या शेपटाला होतं. सिद्धेश्वर धरणाचं पाणी सुटलं की आधी वरची गावं भिजतात, मग मधली, आणि उरलंसुरलं ते शेपटाला पोचतं. तेही कुणाच्या सोयीनं नाही, पाण्याच्या सोयीनं. हरभऱ्याच्या घाट्यांत दाणा भरत असताना अशी एक वेळ चुकली, तर पुढची वेळ कधी येईल हे कुणीच सांगू शकत नाही.

"संध्याकाळच्या आत तुमाला पुन्हा फोन येईल," रत्नपाल म्हणाला. "एकाच आवाजात."

फोन बंद झाला. निलमनं ओठ चावला. दुसरा आवाज कुणाचा, हे दोघांनाही सांगायची गरज नव्हती.

हिंगोलीच्या बसस्टँडमागच्या गल्लीत, बी-बियाणांच्या एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर त्यांचं ऑफिस होतं. खालचा खताचा वास जिन्यावरून थेट वर यायचा आणि नव्या माणसाला पहिले काही दिवस जेवण जायचं नाही. इथं कालव्याखालच्या पाणी वापर संस्थांसाठी एक सॉफ्टवेअर चालत होतं. पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्यानं चारीचं, म्हणजे कालव्यातून फुटलेल्या लहान पाटाचं, दार उघडून मोबाईलवर बोट ठेवलं, की पुढची वेळ ज्यांची, त्यांना आपोआप फोन जायचा. उद्या, सकाळी, दुपारी, चारीचं नाव, असे आवाजाचे लहान लहान तुकडे आधीच बोलून ठेवलेले होते. यंत्र ते जोडून वाक्य करायचं. सुरुवातीपासून तो आवाज पल्लवीचा होता. कैक शेतकरी त्या आवाजाला उत्तर द्यायचे, "बरं माय, येतो," म्हणायचे.

सॉफ्टवेअरही पल्लवीचंच होतं. म्हणजे ते सगळ्यांनी मिळून लिहिलं, पण कोणती भिंत कुठं, कोणतं दार कुणीकडं उघडणार, हे तिनं ठरवलं होतं. वारंगा फाट्यावर तिच्या वडिलांचं टायरचं दुकान. ट्रकांच्या आवाजात अभ्यास करून ती इंजिनियर झाली, पुण्यात नोकरी करून परत आली, आणि आल्या आल्या तिनं या ऑफिसला एक विचित्र नियम लावला. ज्यानं जो भाग लिहिला, त्यानं तो संपल्यावर एक आठवडा रजेवर जायचं आणि फोन बंद करून टाकायचा. अगदीच अडलं तर घरच्यांच्या फोनवर बोलवायचं. पण तसं बोलवावं लागलं, तर तो भाग झाला असं धरायचं नाही. माणसानं परत यायचं आणि तो पुन्हा करायचा.

रत्नपालची पाळी आली तेव्हा तो पुसेगावला बहिणीकडे जाऊन राहिला होता. दुसऱ्याच दिवशी दाजींच्या फोनवर निलमचा फोन आला. रत्नपालनं दोन घासांच्या मधे काय करायचं ते सांगितलं आणि बहिणीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "माझ्यावाचून त्यांचं पान हलत न्हाई."

परत आल्यावर पल्लवीनं त्याला एकच विचारलं होतं.

"फोन आला तेव्हा बरं वाटलं का?"

"खोटं कशाला बोलू मॅडम? वाटलं."

"तिथंच भोक हाय तुमच्या कामात," ती म्हणाली. "ज्याच्यावाचून अडतं तो मोठा माणूस नसतो, रत्नपाल. तो कॅनॉलात पडलेला धोंडा असतो."

दुसरा कुणी असता तर रत्नपालला राग आला असता. पण मग ती खुर्ची ओढून त्याच्याशेजारी बसली आणि दोघांनी मिळून त्याचा तो भाग पार उकलला. त्याच्या कोडमध्ये प्रत्येक तुकडा दुसऱ्याच्या घरात शिरून डबे हुडकत होता. तिनं सगळ्यांना बाहेर काढलं. काय हवं ते दारात उभं राहून मागायचं, मिळालं की आपल्या घरी जायचं, आत स्वयंपाक कसा होतो याची चौकशी करायची नाही. बरेच दिवस हे चाललं. ती बोलताना पेन दातात धरायची, आणि त्याला एखादी गोष्ट कळली की "हां" असं म्हणायची, जणू तीच काहीतरी नवीन शिकली. त्या दिवसांत रत्नपालचा जीव तिच्यावर जडला. कोड सुधारता सुधारता माणूस प्रेमात पडतो, हे कुणाला सांगितलं तर हसेल. म्हणून त्यानं कुणाला सांगितलं नाही. तिलाही नाही. तो तिला मॅडम म्हणत राहिला.

आता तिला हैदराबादची मोठी नोकरी मिळाली होती. ऑफिसचे मालक शिवशंकर सर तिला सोडायला तयार नव्हते. शेवटी त्यांनी तिचाच नियम तिच्यापुढं ठेवला. हे रब्बीचं आवर्तन, म्हणजे पाण्याची ही पाळी, तुमच्याशिवाय पार पडलं तर खुशाल जा. एकदा जरी तुमाला बोलवावं लागलं, तर उन्हाळी आवर्तन संपेपर्यंत थांबायचं. ती लगेच हो म्हणाली. थोडा वेळ घेऊन म्हणाली असती तरी रत्नपालला चाललं असतं.

फोन बंद करून आठवड्याच्या रजेवर वारंगा फाट्याला जायच्या आधी तिनं आपला आवाजसुद्धा बदलायला लावला. "मी गेल्यावर एखादं नवं गाव जोडलं तर त्याचं नाव कोण बोलणार? आवाज बी माणसावर अडून नको." तेव्हा निलमनं सगळे तुकडे नव्यानं बोलून भरले होते. निलम सेनगावकडच्या एका तांड्यावरची, आवाज खणखणीत.

शिवशंकर सर तेवढ्यात वर आले. सगळं ऐकून त्यांनी खुर्चीच्या पाठीवर दोन्ही हात ठेवले.

"मग वाट कशाची बघता? लावा पल्लवीच्या वडलांना फोन."

"बघतो आधी, सर," रत्नपाल म्हणाला.

"बघायचं काय त्यात? शेपटाच्या गावांचा भरवसा एकदा उडाला की संस्था आपल्याला दारात उभं करणार न्हाई. फोन लावा. ती चार महिने थांबल." ते जरा थांबले. "थांबली तर तुमालाच बरं पडंल."

कामाच्या दृष्टीनं म्हणाले की आणखी कशाच्या, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. निलम मात्र रिकाम्या कपात काहीतरी शोधू लागली.

रत्नपालनं मोबाईल हातात घेतला. वारंगा फाट्यावरच्या त्या दुकानाच्या शटरवर लाल रंगात लिहिलेला नंबर त्याला तोंडपाठ होता. एवढा नंबर लावला की ती सोमवारी समोरच्या टेबलावर असणार होती, पेन दातात धरून. त्याला ती हवी होती. गोष्ट एवढीच होती, आणि आज सरांचा हुकूमही त्याच्याच बाजूनं होता. अंगठा नंबरावर आला.

मग, निदान काय बिघडलं ते नीट सांगता यावं म्हणून, त्यानं दुसऱ्या हातानं आवाजांची जागा उघडून पाहिली.

शोधावं लागलंच नाही. पल्लवीनं प्रत्येक तुकड्याला त्याच्या नावाची खोली दिली होती. उद्या, परवा, सकाळी, दुपारी, संध्याकाळी, रात्री, सगळीकडे निलम होती. पहाटेची खोली रिकामी होती. चूक पल्लवीची नव्हतीच. निलम बोलायची विसरली होती, आणि ते तपासायचं काम रत्नपालचं होतं. त्यानं तपासलंही होतं, पण वरच्या गावांची नावं घालून. वरच्या गावांना पाणी दिवसाढवळ्या मिळतं. पहाटे उठायची वेळ फक्त शेपटावर येते, आणि हिंगोलीत बसलेल्या माणसांना शेपूट आठवलं नव्हतं.

तुकडा सापडला नाही तर फोन मुका होऊ नये, म्हणून पल्लवीनं आपला जुना आवाज बाजूला राखून ठेवला होता. ती त्याला स्टेपनी म्हणायची. "स्टेपनीवर ट्रक घरी पोचतो. पण पोचल्यावर टायर बदलायचं, तिच्यावरच फिरत बसायचं न्हाई," हे तिनं निलमला आणि त्याला दोघांना सांगून ठेवलं होतं.

रत्नपालनं मोबाईल टेबलावर पालथा घातला.

"गरज न्हाई, सर," तो म्हणाला. "एक शब्द बोलायचा राहिला. आत्ता भरतो."

"नक्की?"

"नक्की."

शिवशंकर सर त्याच्याकडे बघत राहिले आणि मग "बरं," म्हणून खाली गेले. हे बरं मनापासूनचं नव्हतं. रत्नपालचं नक्कीही नव्हतं.

त्यांनी पंखा बंद केला, खिडक्या लावल्या. खाली खताची पोती उतरत होती, तो धबधब आवाज थांबेपर्यंत दोघं गप्प बसून राहिले. मग निलमनं माईकजवळ तोंड नेलं.

"पहाटे!"

"शाळेत हजेरी घेऊन राहिली का?" रत्नपाल म्हणाला. "जरा हळू. थंडीत झोपलेल्या माणसाला उठवायचं हाय, अशी म्हण."

निलमनं वळून पाहिलं. "हे तुमाला कोणी सांगितलं, सर?"

"मॅडमनी."

पल्लवीनं पहिल्यांदा आवाज भरला त्या दिवशी वीज गेली होती म्हणून ऑफिसात शांतता होती आणि ती लॅपटॉपवर तुकडे बोलत होती. या एका शब्दापाशी ती पुन्हापुन्हा अडली, कारण तिला हसू येत होतं. थंडीत कुणाला पहाटे उठवायचं आणि वर अधिकारानं सांगायचं, हे तिला पटेना. शेवटी तिनं डोळे मिटले आणि तो शब्द असा म्हटला, की समोर बसलेल्या रत्नपालला वाटलं, आपल्यालाच कुणी गोधडी बाजूला करून उठवतंय. तेव्हापासून तो अधूनमधून तपासणीच्या नावाखाली तो तुकडा ऐकायचा. तपासण्यासारखं त्यात काही नव्हतं.

निलमला चौथ्या-पाचव्या खेपेला जमलं. खोली भरली. रत्नपालनं कोंडीबांच्या गावाचं नाव घालून पुरतं वाक्य ऐकलं, या वेळी शेपटाकडची बाकीची गावंही एकेक करून ऐकली. सगळीकडे एकच पोरगी बोलत होती.

"जुने तुकडे, सर?" निलमनं विचारलं. "आता लागत न्हाईत ते. मॅडम म्हणल्या व्हत्या, वापरात नसलेलं घरात ठेवायचं न्हाई."

"काढ," रत्नपाल म्हणाला. आणि लगेच, "थांब. एक डाव ऐकतो."

निलम उठली. "मी चहा सांगून येते," ती म्हणाली. टेबलावर कप तसेच होते, पण ती गेली.

त्यानं तो शब्द ऐकला. मग पुन्हा ऐकला. आपल्या मोबाईलवर पाठवून ठेवायला फार अक्कल लागत नव्हती, आणि कुणाला कळणारही नव्हतं. हात तिकडं गेलाही. पण तिनं जे इतक्या मेहनतीनं मोकळं केलं होतं, त्यातलं आपण चोरून नखभर धरून ठेवतोय, असं त्याला वाटलं आणि लाज वाटली. आपल्या हातून पुसलं जायचं नाही हेही त्याला कळत होतं. म्हणून निलम परत आल्यावर त्यानं खुर्ची तिला दिली आणि स्वतः खिडकीशी जाऊन उभा राहिला.

संध्याकाळी कोंडीबांचा फोन आला.

"आता बराबर हाय. एकच पोरगी बोलली. गावात बी सगळ्यायला आला फोन," ते म्हणाले. "पण ती आधीची कुठं गेली म्हणतो मी? लगीन झालं का तिचं?"

"न्हाई मामा. दुसऱ्या गावाला चालली, नोकरीला."

"चांगली व्हती. ही बी चांगली हाय, पण ही सांगते. ती उठवायची."

"व्हय मामा," रत्नपाल म्हणाला.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधी तो कानाला रुमाल बांधून मोटारसायकलवर निघाला. जायची गरज नव्हती. पाणी आलं की नाही ते घरी अंथरुणातही मोबाईलवर दिसलं असतं, आणि पल्लवीच्या रजेच्या आठवड्याचा हा शेवटचाच दिवस होता. तरी तो गेला. शेपटाच्या चारीवर पोचला तेव्हा सगळं गाव तिथं होतं. तुराट्यांचा जाळ करून माणसं शेकत होती. कोंडीबांनी त्याला जाळाजवळ जागा करून दिली आणि कुणाला तरी सांगितलं, "ह्यो आपल्या फोनवाल्या पोरींचा सायेब." सगळे हसले.

पाटकरी अमरसिंग यांनी दार वर उचललं. आधी पाण्याचा नुसता आवाज आला, मग वाळलेला पालापाचोळा पुढं ढकलत पाणीच आलं. माणसं जाळ सोडून आपापल्या वावराकडे पळाली. अमरसिंगनी खिशातून मोबाईल काढला, बोट धोतराला पुसून त्याच्यावर ठेवलं, आणि रत्नपालच्या मोबाईलवर त्या चारीपुढं हिरवी खूण उमटली. आवर्तन पार पडलं होतं. पल्लवी मोकळी झाली होती.

इतकं चांगलं काम आपल्या हातून पूर्वी कधी झालं नव्हतं, हे रत्नपालला कळत होतं. पण त्याला जाळाजवळ थांबवेना.

तो बांधावरून थोडा लांब चालत गेला. तिच्या स्वतःच्या फोनचा नंबर त्यानं काढला. तो नियमाप्रमाणे आठवडाभर बंद असायला हवा होता. लावला असता तर कंपनीची बाई म्हणाली असती, बंद आहे, आणि तो मोबाईल खिशात घालून घरी गेला असता. कालपासून तिचा आवाज कुठंच उरला नव्हता. निदान लावून पाहिला, एवढं तरी होईल म्हणून त्यानं लावला.

घंटी वाजली.

रत्नपाल दचकून फोन कापायला गेला, तोवर पलीकडून उचललाही गेला.

"काय बिघडलं?"

आवाज झोपेतला नव्हता. मागून फाट्यावरचे ट्रक ऐकू येत होते. आणि त्या विचारण्यात काळजी नव्हती. पुसेगावला दाजींच्या फोनवर आपणही असंच विचारलं होतं, अगदी याच उतावळेपणानं, हे रत्नपालला लख्ख आठवलं. म्हणजे आठवडाभर ती हा फोन उशाशी घेऊन बसली होती. बिघडलंय, एवढंच म्हणायचं. ती उन्हाळाभर थांबली असती आणि बहुधा तिला बरंही वाटलं असतं.

"काहीच न्हाई," तो म्हणाला. "सगळं बराबर चालू हाय. शेपटाला पाणी आलं. मी तिथंच उभा हाय."

"एकदाही अडलं न्हाई?"

"अडलं व्हतं थोडं. तुमी करून ठेवलं तसं केलं, सुटलं."

"हां," ती म्हणाली. तीच ती हां.

"मंग एवढ्या पहाटे काहून फोन केला?"

काल पुसून टाकलेला तो शब्द जसाच्या तसा कानात आला होता. खालून कोंडीबा त्याला हाका मारत होते, चहा आला होता.

"काही बिघडलं न्हाई, म्हणूनच केला," तो म्हणाला. "बिघडलं असतं तर वडलांच्या फोनवर केला असता."

पलीकडे शटर वर सरकल्याचा आवाज झाला, कुणीतरी बाहेर आल्यासारखा. ट्रकांचा आवाज वाढला.

"नियम मोडला तुमी," पल्लवी म्हणाली.

"व्हय. सांगतो सरांना."

"काय सांगणार?" ती म्हणाली. "माझा फोन तर बंद हाय, रत्नपाल."

एवढं बोलून ती थांबली, आणि तिनं फोन ठेवला नाही.